गर्भवतीचे वजन : काळजी कशाची आणि किती?

अंगणवाडीच्या पडवीत वजनकाटा मांडलेला असतो. ग्राम आरोग्य व पोषण दिनाला गावातील गर्भवती स्त्रिया एकामागून एक त्यावर उभ्या राहतात. आरोग्यसेविका आकडा पाहते, माता-बाल संरक्षण कार्डावर त्याची नोंद करते आणि पुढचे नाव पुकारते. सारा प्रकार दोन मिनिटांचा. परंतु काट्यावरून उतरणाऱ्या स्त्रीच्या मनात त्या आकड्याने कोणती खळबळ उडविली, याची नोंद करण्यासाठी कार्डावर रकाना नाही.

समजा, या रांगेत दोन स्त्रिया आहेत. पहिली शेतमजुरी करणारी. उंची १५० सेंटिमीटर, गरोदर राहण्यापूर्वीचे वजन ४१ किलो. सहावा महिना संपताना काटा ४३ दाखवितो आणि ती समाधानाने उतरते. कारण पोट बेताचे असले की बाळंतपण सुखरूप पार पडते, असे तिला सासूने सांगितले आहे. दुसरी तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. उंची १५५ सेंटिमीटर, पूर्वीचे वजन ६४ किलो. गेल्या एका महिन्यात तिचे वजन साडेतीन किलोने वाढले. ती घाबरते, घरी कोणाला सांगत नाही आणि त्या दिवसापासून रात्रीचे जेवण सोडते. पहिलीने ज्या आकड्याची चिंता करावयास हवी, त्याने ती निश्चिंत झाली आहे. दुसरीची चिंता अगदीच निराधार नाही. पण तिने काढलेला उपाय मात्र चुकीचा आहे. वजनवाढीच्या काळजीचा प्रश्न हा असा दुपेडी आहे, आणि एकीला दिलेला सल्ला दुसरीला दिला तर अपाय होतो.

हे दोन्ही प्रकार आज एकाच गावात आढळावेत, यात आश्चर्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी २२.९ टक्के कमी वजनाच्या आणि २०.६ टक्के जादा वजनाच्या वा लठ्ठ होत्या. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे १८.७ आणि २४ टक्के झाले. पारडे फिरले, परंतु हलके पारडे रिकामे झाले, असे मात्र नव्हे.

वाढते ते काय?

‘अंगावर चढलेले वजन’ हा शब्दप्रयोगच अनेक स्त्रियांच्या भीतीचे मूळ आहे. गर्भारपणातील वाढ म्हणजे निव्वळ चरबी, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पूर्ण दिवस भरलेल्या आणि सुमारे साडेबारा किलो वजन वाढलेल्या स्त्रीचा हिशेब वैद्यकशास्त्राने मांडला आहे. त्यात बाळाचे साधारण ३.३ किलो, वारेचे सुमारे ६५० ग्रॅम आणि गर्भजलाचे ८०० ग्रॅम. गर्भाशय स्वतःच वाढून किलोभर भर घालते. स्तनांची वाढ अर्ध्या किलोच्या आत. रक्ताचे सव्वा ते दीड किलो, शरीरात साठणाऱ्या पाण्याचे सुमारे दीड किलो. उरते ती चरबी, सव्वातीन ते साडेतीन किलो. म्हणजे एकूण वाढीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकी. आणि तीही निरुपयोगी नव्हे. बाळाला पाजण्याच्या महिन्यांसाठी शरीराने केलेली ती साठवण होय. शेतकरी बियाणे वेगळे काढून ठेवतो, त्याला कोणी अडगळ म्हणत नाही.

हा हिशेब पाश्चात्य देशांतील स्त्रियांवरून मांडलेला आहे. आपल्याकडे बाळांची वजने कमी असतात, स्त्रियांची उंची व मूळचे वजनही कमी असते. त्यामुळे भारत सरकारच्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या मार्गदर्शनात ९ ते ११ किलो वाढ अपेक्षित धरली आहे.

एकच माप सर्वांना नाही

किती वाढ योग्य, हे गर्भधारणेपूर्वीच्या वजनावर अवलंबून असते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभार निर्देशांक, म्हणजे दवाखान्याच्या बोलीतील ‘बीएमआय’ मिळतो. वरील उदाहरणातील मजूर स्त्रीचा निर्देशांक १८.२ येतो, शिक्षिकेचा २६.६. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली दिलेल्या आणि आजही बहुतेक ठिकाणी आधाराला घेतल्या जाणाऱ्या शिफारशींनुसार, १८.५ पेक्षा कमी निर्देशांकाच्या स्त्रीचे वजन १२.५ ते १८ किलोने वाढावे; १८.५ ते २४.९ असल्यास ११.५ ते १६ किलोने. २५ ते २९.९ असल्यास ७ ते ११.५ किलोने, आणि ३० वा त्याहून अधिक असल्यास ५ ते ९ किलोने. आशियाई लोकांमध्ये मधुमेहादी विकारांचा धोका कमी निर्देशांकावरच सुरू होतो, म्हणून आपल्याकडील डॉक्टर २३ पासूनच जादा वजन मानतात. तेव्हा या पट्ट्या काटेकोर कायद्यासारख्या वापरावयाच्या नाहीत. मात्र त्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते : कृश स्त्रीने अधिक वाढायचे आहे आणि स्थूल स्त्रीनेदेखील वाढायचेच आहे. वजन घटविण्याचा सल्ला यात कोणालाही नाही.

पहिल्या तीन महिन्यांत वाढ फारशी होत नाही. मळमळ व उलट्या यांमुळे काहींचे वजन किंचित उतरतेही, आणि घरची मंडळी हवालदिल होतात. थोडी घट चालते. पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल किंवा मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक घट झाली असेल, तर दवाखाना गाठणे आवश्यक ठरते. चौथ्या महिन्यापासून महिन्याला सुमारे दोन किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो, असा वाढीचा साधारण वेग धरला जातो.

बाळ मोठे होण्याचे भय

‘फार खाल्लेस तर बाळ मोठे होईल आणि अडेल’ हा सल्ला आपल्या खेड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. लोहाच्या गोळ्या टाळण्यामागेही अनेकदा हेच कारण असते. गोळीने बाळ वाढते, अशी समजूत आहे. या सल्ल्याला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या काळी रस्ता नव्हता, शस्त्रक्रियेची सोय नव्हती आणि अडलेली बाळंतीण म्हणजे बहुधा गेलेली बाळंतीण, त्या काळी लहान बाळाची इच्छा धरणे हा अनुभवातून आलेला सावधपणा होता. किंबहुना शिकलेल्या वैद्यांनीही हेच केले आहे. १८८९ साली जर्मनीतील प्रोखोवनिक या डॉक्टराने, अरुंद कटिभाग असलेल्या स्त्रियांचे बाळ लहान राहावे म्हणून अखेरच्या आठवड्यांसाठी तुटपुंज्या आहाराची पद्धत सुचविली. मुडदुसाने कटीचा सांगाडा आखडलेल्या स्त्रिया तेव्हा युरोपात पुष्कळ होत्या आणि पोट उघडून बाळ काढणे जिवावरचे होते. पुढे विसाव्या शतकात, वजन रोखले की गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार टळतो, या समजुतीने पाश्चात्य डॉक्टर निरोगी स्त्रियांनाही बेताचे खावयास सांगत राहिले. १९७० साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने हे पुरावे तपासून सरासरी २४ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो वाढ योग्य ठरविली, तेव्हा कोठे ही प्रथा सैल झाली. आमच्या आजीबाई तेवढ्या मागासलेल्या आणि इतर सारे पुढारलेले, असे म्हणण्यास फारशी जागा नाही.

परंतु आजचे वास्तव निराळे आहे. अडलेल्या प्रसूतीला आता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, शस्त्रक्रियेची सोय असलेली रुग्णालये आहेत. उलट अडीच किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला जंतुसंसर्गाचा, थंडीने गारठण्याचा आणि पहिल्याच महिन्यात दगावण्याचा धोका अधिक असतो. आईने उपाशी राहून बाळ लहान ठेवले, तर बाळंतपण सोपे होण्याची हमी मिळत नाही. बाळाची शक्ती मात्र हमखास घटते.

या बाबतीत महाराष्ट्रातच झालेले संशोधन मोलाचे आहे. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याजवळच्या सहा गावांत, के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राच्या वतीने डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे आठशे गर्भवतींचा अभ्यास केला. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. आहारातील एकूण उष्मांक वा प्रथिने यांच्यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्या सेवनाशी बाळाच्या वजनाचा संबंध अधिक स्पष्ट दिसला. ज्या स्त्रियांच्या वाट्याला शेतातील आणि विहिरीवरून पाणी आणण्यासारखी कष्टाची कामे अधिक होती, त्यांची बाळे लहान होती. पंचायत सदस्यांनी या शेवटच्या निष्कर्षावर क्षणभर थांबावे. गावातला नळ हा बाळाच्या वजनाचाही प्रश्न आहे.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ही लहान बाळे दिसावयास हडकुळी असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त होते आणि स्नायू कमी होते. पुढील आयुष्यात मधुमेहाकडे नेणारी वाट येथूनच सुरू होत असावी, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. त्यानंतर २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून एक मोठा प्रयोग झाला. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु गर्भधारणेच्या तीन महिने किंवा त्याहून आधी खाऊ सुरू झालेल्या मातांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड होती, आणि गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तात्पर्य, पोषणाचा विचार सातव्या महिन्याच्या ओटीभरणाला सुरू करून भागत नाही.

जाड होण्याचे भय

दुसरी भीती नव्या काळाची आहे आणि केवळ शहरापुरती राहिलेली नाही. हातातील भ्रमणध्वनीवर बाळंत होऊन महिनाभरात पूर्ववत सडपातळ झालेल्या नट्यांची छायाचित्रे दिसतात. भेटीला येणाऱ्या बायका ‘किती सुटलीस ग!’ किंवा ‘पोट दिसतच नाही, खातेस की नाही?’ असे सहज बोलून जातात. बोलणारीला ते मायेचे वाटते. ऐकणारीला ते आठवडाभर पुरते. काही स्त्रिया मग भाकरी निम्मी करतात, संकष्टी, गुरुवार, एकादशी असे उपवास वाढवितात, आणि उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी खातात, जिच्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते.

अशा स्त्रीला ‘उगाच काळजी करू नकोस’ असे सांगितल्याने काळजी जात नाही. ती फक्त बोलेनाशी होते. तिला वाढीचा वर दिलेला हिशेब समजावून सांगणे अधिक उपयोगी पडते. काटा पंधरवड्याने किंवा महिन्याने पाहावा, रोज पाहू नये. पाण्याच्या चढउतारानेच दिवसागणिक किलो-अर्धा किलोचा फरक पडतो आणि तो वाचून मन हेलकावत राहते. काटा एकच असावा, पादत्राणे काढलेली असावीत आणि वेळ शक्यतो तीच असावी. आकडा एकटा वाचू नये, मागच्या तीन आकड्यांशी जोडून वाचावा.

‘दोन जिवांचे खायचे’ या म्हणण्यातही तारतम्य हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गर्भवतीला दररोज सुमारे ३५० उष्मांक जादा लागतात. म्हणजे साधारण एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि अर्धा पेला दूध. दुप्पट जेवण नव्हे. ज्या स्त्रीचे वजन मुळातच जास्त आहे, तिने जेवण सोडण्याऐवजी चहातील साखर, फरसाण, बिस्किटे, वेफर आणि बाटलीतील गोड पेये कमी करावीत. थोडे-थोडे चार-पाच वेळा खावे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चालावे. कष्टाचे काम करणाऱ्या कृश स्त्रीला चालण्याचा सल्ला देणे मात्र थट्टा ठरेल. तिला हवी आहे दुपारची दोन तासांची विश्रांती आणि ताटात उसळ, पालेभाजी, शक्य तर अंडे.

काळजी मर्यादेपलीकडे गेली आहे, हे ओळखण्याच्या खुणा आहेत. जेवल्यावर मुद्दाम ओकारी काढणे, जेवणाच्या वेळी घरातून नाहीसे होणे, झोप उडणे, सतत रडू येणे, आपल्या शरीराचा तिटकारा वाटणे. हे नखरे नव्हेत, आजार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ते सांगितले पाहिजे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

काट्याने दिलेला इशारा

काही वेळा मात्र भीती खरी असते. महिन्यात तीन किलोपेक्षा अधिक वाढ झाली, तर रक्तदाबाचा विकार, मधुमेह किंवा जुळे यांची शंका घ्यावी, असे शासकीय मार्गदर्शन आहे. त्यासोबत चेहरा व हात सुजणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे यांपैकी काही असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. उदाहरणातील शिक्षिकेने जेवण सोडण्याऐवजी रक्तदाब मोजून घेणे, लघवीतील प्रथिने तपासणे आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासणे अगत्याचे होते. दोन तासांनी साखर १४० वा त्याहून अधिक भरल्यास गर्भारपणातील मधुमेह समजला जातो. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावयाची असते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांतून गर्भवतींची विशेष तपासणी होते. अशा स्त्रीला तेथे नेणे सोयीचे पडते. लक्षणे असल्यास मात्र ९ तारखेसाठी थांबू नये.

मजूर स्त्रीचा आकडा याच्या उलट इशारा देतो. सहा महिन्यांत दोन किलो म्हणजे बाळाची वाढ खुंटत असण्याची शक्यता. आहाराबरोबर रक्तातील लोह तपासणे, चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेणे, हे तिच्यासाठी औषधाइतकेच आवश्यक आहे. देशातील गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रिया २०१९-२१ च्या सर्वेक्षणात रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या.

नुसता उपदेश पुरत नाही

‘दूध, फळे, पालेभाजी खा’ हे वाक्य रिकाम्या डब्यापुढे उच्चारले, की त्याचा उपदेश होतो आणि चिंता वाढते. म्हणून सल्ल्यासोबत हक्काच्या सोयी पदरात पडल्या पाहिजेत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून गर्भवतीला अंगणवाडीमार्फत ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार मिळतो. हा आहार पुष्कळदा साऱ्या कुटुंबात वाटला जातो. आईच्या वाट्याला दोन चमचे येतात. राज्याच्या आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गर्भवती व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ चौरस शिजविलेले जेवण देण्यात येऊ लागले. स्त्री अंगणवाडीतच बसून जेवते, यात या योजनेचे मर्म आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात.

बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची अडचण वेगळीच. दिवाळीच्या सुमारास त्या गाव सोडतात आणि कार्ड बहुधा घरच्या पत्र्याच्या पेटीत राहते. चार-पाच महिन्यांच्या नोंदी कोऱ्या राहतात. परतताना बाळ कडेवर असते. अशा स्त्रीचे कार्ड तिच्या गाठोड्यात गेले आहे ना, एवढे आशा स्वयंसेविकेने टोळी निघण्यापूर्वी पाहिले, तरी जेथे फड पडेल तेथल्या अंगणवाडीला तिची नोंद घेता येते.

वजन घेण्याची रीतही सुधारण्यासारखी आहे. आकडा मोठ्याने पुकारू नये. काटा पडवीत असला, तरी आडोसा करता येतो. कार्ड सासूच्या किंवा पतीच्या हातीही द्यावे व वाढीची रेघ त्यांना दाखवावी. कारण ताटात काय वाढावयाचे, हे पुष्कळ घरांत गर्भवती ठरवीत नाही. काटा नादुरुस्त असेल, तर गावच्या आरोग्य व पोषण समितीच्या अबंधित निधीतून तो दुरुस्त करून घेता येतो. शाळेतील शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलींना देहभार निर्देशांक गणिताच्या तासालाच शिकविला, तर पुढे काट्यावर उभे राहताना त्यांना आकडा वाचता येईल.

प्रसूतीनंतर बाळ, वार, पाणी व रक्त मिळून पाच-सहा किलो वजन लगेच उतरते. उरलेले उतरण्यास सहा महिने ते वर्ष लागते, आणि अंगावर पाजल्याने त्याला मदत होते. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जादा लागतात. म्हणून तेव्हाही उपाशी राहण्याचे कारण नाही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू कृश बाळंतिणीने जरूर खावेत. जिचे वजन आधीच जास्त आहे, तिला सकाळ-संध्याकाळ तुपातल्या लाडवांचा आग्रह न करता अळिवाची दुधातील खीर आणि मेथीची भाजी दिली तरी चालते. सहा आठवड्यांनी होणाऱ्या तपासणीत पुन्हा एकदा काटा पुढे येतो. त्या दिवशी आरोग्यसेविकेने आकडा लिहिण्यापूर्वी झोप लागते का, जेवण जाते का आणि घरात कोणी काही बोलते का, हे विचारावे.